जुनी स्पोर्ट्‌स कूपे की छोटी हॅचबॅक? पहिल्यांदा निवडणाऱ्यांसाठी

हातात ठरावीक रक्कम आहे. तेवढ्यात तीन-चार वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक मिळते. तेवढ्यातच दहा-बारा वर्षांची, दोन दारांची, बुटकी, बघताक्षणी मनात भरणारी स्पोर्ट्‌स कूपेही मिळते. जाहिरातीत दोघींखाली जवळपास एकच आकडा असतो आणि नवखा माणूस इथेच चुकतो, कारण तो आकडा फक्त गाडी दारात आणण्याचा आहे. वय वाढलं की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या ब्रेक डिस्कची, क्लचची, हेडलाइटची किंमत त्या मानाने उतरत नाही. नवी असताना जी कूपे हॅचबॅकच्या दुप्पट किमतीची होती, ती आज हॅचबॅकच्या भावात मिळत असली तरी गॅरेजात गेल्यावर अजून दुप्पट किमतीचीच गाडी असते.

कूपे घेऊ नका, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मी बरीच वर्षं एक जुनी कूपे चालवली आणि पहाटेच्या रिकाम्या, वळणावळणाच्या रस्त्यावर तिने जे सुख दिलं ते दुसऱ्या कुठल्या गाडीने दिलेलं नाही. म्हणूनच वाटतं की ती घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. गाडी बघायला जाणं बरंच नंतर येतं, हे मुद्दाम केलंय. कारण एकदा गाडी डोळ्यांत भरली की हिशेब मनासारखा जुळवला जातो.

पायरी १ : आपले पंधरा दिवस लिहून काढा

पंधरा दिवस एक वही जवळ ठेवा. रोज कुठे गेलात, किती किलोमीटर झाले, सोबत किती जण होते, सामान काय होतं आणि वाहन कुठे उभं केलं, एवढंच लिहा. मग त्या यादीवरून एकदा कूपे आणि एकदा हॅचबॅक मनातल्या मनात चालवून बघा.

कूपेची दारं लांब असतात, कारण मागे बसणाऱ्यालाही त्याच दारातून वाट द्यायची असते. दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हे लांब दार अर्धंच उघडतं आणि अंग चोरून बाहेर पडावं लागतं. मागची सीट बहुधा दोघांची, आणि त्या दोघांचं डोकं उतरत्या काचेला टेकतं. लहान मुलाची सीट बसवायला आयसोफिक्सचे हूक असतीलही, पण दररोज पुढची सीट वाकवून, कमरेतून वळून मुलाला बांधणं ही वेगळीच गोष्ट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कूपेत बसणं जमतं, उठणं जमत नाही. जमिनीपासूनची उंची हाही मुद्दा आहेच. अनेक कूपेंचं पोट जमिनीपासून १२० ते १३० मिलिमीटरवर असतं. तुमच्या रोजच्या वाटेवर उंच गतिरोधक किंवा तळघरातल्या पार्किंगचा तीव्र उतार असेल तर पुढचा बंपर दर वेळी घासेल.

उलट हॅचबॅकमध्ये मागचं दार काचेसकट वर उचललं जातं आणि सीट पाडल्या की छोट्या गाडीत कपाटही मावतं. होंडा जॅझमध्ये इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली ठेवली आहे, त्यामुळे मागच्या सीटची बैठक वर दुमडता येते आणि तिथे उंच कुंडीही उभी राहते. गाडी बघायला जाताना मुलाची सीट, नेहमीची मोठी बॅग आणि घरातलं ज्येष्ठ माणूस सोबत न्या. विकणाऱ्याला थोडं विचित्र वाटलं तरी चालेल.

वहीत पंधरापैकी बारा दिवस तुम्ही एकटेच, हलक्या सामानानिशी फिरलेले दिसलात तर कूपेच्या बाजूने हे खरंखुरं वजन आहे. त्याकडेही प्रामाणिकपणे बघा.

पायरी २ : कूपेची जात ओळखा

नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे कूपेच्या दोन जाती असतात, आणि खर्चाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पहिली जात हॅचबॅकच्याच सांगाड्यावर उभी असते. १९९४ ची ओपेल टिग्रा कोर्सावर बेतलेली होती, १९९७ ची फोर्ड प्यूमा फिएस्टावर, १९९८ ची पहिली ऑडी टीटी चौथ्या पिढीच्या गोल्फच्या पायावर, आणि २००८ ची फोक्सवॅगन शिरॉको गोल्फच्याच कुटुंबातली. अशा गाडीचे सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग, सेन्सर, कित्येकदा इंजिनही लाखोंनी विकल्या गेलेल्या हॅचबॅकशी जुळतं. भाग मिळतात, ते बसवणारे हात मिळतात. महाग काय पडतं, तर फक्त तिचं स्वतःचं असलेलं : दारं, काचा, बंपर, दिवे. तरीही गृहीत काही धरू नका. प्यूमाचं १.७ लिटरचं इंजिन यामाहाच्या साहाय्याने तयार झालं होतं आणि त्याच्या सिलिंडरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप होता. फिएस्टाच्या साध्या इंजिनाचा अनुभव तिथे पुरत नाही.

दुसरी जात स्वतःच्या पायावर उभी असते. टोयोटा जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड (२०१२ पासून), निस्सान ३५०झेड (२००२ पासून), माझदा आरएक्स-८ (२००३ ते २०१२), पोर्शे केमन. इंजिन पुढे किंवा मध्ये, ताकद मागच्या चाकांना, बैठक जवळजवळ रस्त्यावर. चालवण्याचं खरं सुख इथे आहे आणि खरी जबाबदारीही. आरएक्स-८ चंच बघा. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) दोन दालनांचं, दोन्ही मिळून १,३०८ सीसी. रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून ते इंजिन मुद्दामच थोडं ऑइल जाळतं, म्हणजे ऑइल कमी होणं हा तिथे बिघाड नव्हे, दर थोड्या दिवसांनी पातळी बघून भर घालणं हा मालकाचा नेम आहे. थंड असताना सुरू करून लगेच बंद केली तर इंजिनात पेट्रोल साचून ती पुन्हा सुरू व्हायला नकार देते. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजायला रोटरीसाठीचं वेगळं यंत्र लागतं. हे सगळं माहीत असलेल्याला ती गाडी मनापासून आवडते. माहीत नसलेल्याच्या हाती ती वर्षभरात दगावते.

हॅचबॅकला अशा दोन जाती नाहीत. १९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून ताकद पुढच्या चाकांना दिली आणि आज जवळपास प्रत्येक छोटी हॅचबॅक त्याच मांडणीवर चालते. कुठल्याही मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो.

पायरी ३ : कागदावरचे आकडे वाचायला शिका

पहिला आकडा ताकद आणि वजनाचं प्रमाण. नुसती अश्वशक्ती बघू नका, तिला टनांतल्या वजनाने भागा. ९०० किलोची, ९० अश्वशक्तीची हॅचबॅक म्हणजे टनाला १००. जीटी८६ ची सुमारे २०० अश्वशक्ती आणि साधारण १,२४० किलो धरले तर टनाला १६०. फरक आहे, पण जाहिरातीतला २०० हा आकडा मनात जितका उभा राहतो तितका नाही. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय ११० अश्वशक्तीची होती आणि वजन जेमतेम ८०० किलोंच्या आसपास, म्हणजे तीही टनाला १३५ च्या घरात. हलकेपणा ही फुकट मिळालेली ताकद आहे. ब्रेक लावताना आणि वळताना तीच उपयोगी पडते.

दुसरा आकडा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आणि तो मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो ते. जीटी८६ चा २०५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो ६,४०० ते ६,६०० फेऱ्यांवर. शहराच्या गर्दीत तुमचं इंजिन दोन-अडीच हजारांवर फिरत असतं, तिथे ही गाडी मवाळ वाटते. त्याउलट १ लिटरचं छोटं टर्बो इंजिन दोन हजारांच्या आतच आपला जवळजवळ सगळा जोर देतं. म्हणून सिग्नलवरून सुटताना अशी हॅचबॅक कित्येकदा जास्त तरतरीत भासते. कूपे खोटी नाही, तिचा जोर वर आहे. तुमच्या रोजच्या रस्त्यावर तुम्ही तिथपर्यंत पोचणार का, एवढंच स्वतःला विचारा.

तिसरा आकडा टायरच्या कडेवर असतो. २१५/४५ आर १७ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंची. गुणाकार केला की बाजूची भिंत भरते सुमारे ९७ मिलिमीटर. हॅचबॅकच्या १७५/६५ आर १४ ची भिंत जवळपास ११४. खड्ड्यात आपटल्यावर रिम वाचवणारं रबर म्हणजे हीच भिंत. तिचे १७ मिलिमीटर कमी झाले की कंबरेला आणि अलॉय व्हीलला ते कळतं.

इंधनाचं गणितही इथेच उरका. शहरात सारखं थांबा-निघा असतं, तिथे वजन आणि इंजिनाचा आकार हिशेब ठरवतात, म्हणून कूपे बऱ्यापैकी जास्त पिते. हमरस्त्यावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. ताशी ८० वरून १२० गेलात तर वेग दीडपट, विरोध सव्वादोनपट, लागणारी ताकद ३.३७५ पट. बुटकी, निमुळती कूपे इथे अंतर बरंच भरून काढते. म्हणजे ॲव्हरेजचा प्रश्न 'कोणती गाडी' इतकाच 'कोणता रस्ता' हाही आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात दोन गोष्टी. युरो एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचण्या काळानुसार कडक होत गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे एकाच तराजूत तोलू नका. दुसरं, गाडीला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे का ते बघा. अमेरिकेत नव्या गाड्यांना ते २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपीय संघात सगळ्या नव्या गाड्यांना २०१४ अखेरपासून. त्याआधीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या कूपेत ते नसू शकतं. ओल्या रस्त्यावर वळणातच घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की अशा गाडीचं बूड बाहेर निघतं. पहिलीच गाडी घेणाऱ्याने तरी स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली मागच्या चाकांची कूपे घेऊ नये. इथे मी अजिबात मागे हटणार नाही.

पायरी ४ : खर्चाचा तक्ता, गाडी बघण्याआधी

एका कागदावर दोन रकाने करा, डावीकडे हॅचबॅक, उजवीकडे कूपे. चार टायर, पुढच्या-मागच्या ब्रेक डिस्क आणि पॅड, क्लच, टायमिंग बेल्ट किंवा चेन, चार शॉक ॲब्सॉर्बर, एक हेडलाइट, पुढची काच, वर्षाचा विमा, दोन सर्व्हिसिंग. प्रत्येक गोष्टीचा भाव त्याच मॉडेलसाठी, त्याच वर्षासाठी फोन करून विचारा. ऐकीव आकडा लिहू नका. तासाभराचं काम आहे आणि सगळ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाचं.

फोन करताना काही प्रश्न मुद्दाम विचारा. पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे आहेत का? ३५०झेडसारख्या गाड्यांना पुढे २२५ आणि मागे २४५ रुंदीचे टायर असतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवून झीज सारखी करता येत नाही. स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा? क्लचबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला लागून असलेलं दोन भागांचं जड चाक) बदलावं लागेल का? लागत असेल तर क्लचचं बिल अचानक मोठं होतं. टायमिंग बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलायचा? ही वर्षांची अट लोक विसरतात. कमी चाललेल्या जुन्या कूपेत बेल्ट किलोमीटरने तरुण आणि वयाने म्हातारा असतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. फोक्सवॅगन-ऑडीचा सहा गिअरचा, ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर त्याचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं, आणि त्याची पावती हवी.

विम्याचा भाव तुमच्या वयावर, अनुभवावर आणि त्या नेमक्या मॉडेलवर ठरतो. तरुण चालक आणि ताकदवान कूपे ही जोडी विमा कंपन्यांना फार महाग वाटते. कित्येकांचं कूपेचं स्वप्न याच एका रकान्यापाशी थांबतं, आणि ते पैसे देऊन झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

शेवटी एक ओळ : 'पहिल्या वर्षासाठी राखीव'. हॅचबॅकसाठी मी खरेदीच्या किमतीचा दहावा हिस्सा ठेवतो, दुसऱ्या जातीच्या कूपेसाठी पाचवा. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे. पण राखीव ठेवून उरलेल्या रकमेतच गाडी शोधा.

पायरी ५ : कागद

नोंदणीची कागदपत्रं, आधीचे मालक किती, कर्ज फिटलंय का, हे तर बघालच. त्याबरोबर चासी नंबर तपासा. १९८० च्या दशकापासून हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. काचेखालची पट्टी, दाराच्या खांबावरचं लेबल, पत्र्यावर कोरलेला नंबर आणि कागद, चारही ठिकाणी एकच हवा.

तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल बघा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधला स्फोटक दमटपणाने खराब होऊन धोकादायक ठरला, तेव्हा कितीतरी कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात हॅचबॅक होत्या आणि कूपेही. जुन्या गाडीत ते काम राहून गेलेलं असू शकतं. २०१८ मध्ये सुरुवातीच्या जीटी८६ आणि बीआरझेड व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, कुणी केलं, हे विचारायला लाजू नका.

सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावा आणि किलोमीटर चढत जातात का बघा. मीटर मागे फिरवलेला असेल तर बहुतेक वेळा इथेच सापडतो. नाही सापडला तर पेडलचं रबर, स्टिअरिंगवरचं चकाकलेलं चामडं आणि सीटची बाहेरची कड बघा. कूपेत उतरताना माणूस त्या कडेवरून घसरतच उतरतो. चाळीस हजार किलोमीटर सांगितलेत आणि ती कड फाटून फोम दिसतोय, तर कुठेतरी खोटं आहे.

पायरी ६ : थंड गाडी बघा

दिवसाउजेडी, कोरड्या हवेत जा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा की सुरू होतानाचं काहीतरी लपवायचं आहे. किमान दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

मी सगळ्यात आधी टायर बघतो. गाडीच्या मालकाबद्दल टायर जितकं सांगतात तितकं मालक स्वतः सांगत नाही. कडेवर शेवटी चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाचा खोल असल्या तरी सहा वर्षांपुढच्या टायरकडे संशयाने बघा. चार चाकांना चार वेगवेगळ्या स्वस्त कंपन्यांचे टायर असलेली स्पोर्ट्‌स कूपे मी दोनदा बघितली आणि दोन्ही वेळा परत फिरलो. ज्याने टायरवर खर्च केला नाही त्याने दिसत नसलेल्या ऑइलवर केला असेल का? आतल्या कडेवर बोट फिरवा. बाहेरून छान आणि आतून घासलेला टायर म्हणजे अलाइनमेंट बिघडलेलं, सस्पेन्शन खाली बसवलेलं किंवा आतलं काहीतरी वाकलेलं.

मग पत्रा. दार आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालाय का? रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. एका दारावर आकडा ६०० वर गेला तर खाली लांबी (पुटी) भरलेली आहे. छोटा ओरखडा रंगवलेला असला तर काही बिघडत नाही. पण पुढचे चासीचे दोन्ही हात, डिकीतल्या गालिच्याखालची जमीन, स्टेपनीची खळगी इथे सुरकुत्या किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर ती गाडी सोडून द्या, मग ती कुठलीही असो. कूपेची शक्यता इथे जास्त, कारण ती वेगात चालवली गेलेली असते.

गंज चाकांच्या कमानीत, दाराखालच्या पट्टीत आणि खालच्या सबफ्रेमवर शोधा. ऑइलची काडी काढा, कूलंटची टाकी बघा. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी फेस असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या (थंड हवेत फक्त छोटे फेरे मारलेल्या गाडीतही तो थोडा येतो, म्हणून एकट्या त्यावर निवाडा नको). ब्रेक डिस्कच्या काठावर नखाला लागेल असा कंगोरा म्हणजे डिस्क संपत आली.

हे सगळं हॅचबॅकलाही तितकंच लागू. फरक इतकाच की हॅचबॅकमधला दोष सहसा दुर्लक्षाचा असतो, कूपेमधला अतिउत्साहाचा.

पायरी ७ : सुरू करा, चालवा, पुन्हा चालवा

सुरू करताना कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थंडीतली विरळ वाफ मात्र निव्वळ पाणी असते.

गर्दीचा एक टप्पा, खराब रस्त्याचा एक, वेगाचा एक. दोन्ही गाड्या याच वाटेवर आणि जमल्यास एकाच दिवशी चालवा. कूपे संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर आणि हॅचबॅक दुपारच्या गर्दीत चालवलीत तर तुलना रस्त्यांची होईल.

क्लच बघायचा तर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या चढल्या आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. गिअर थंड असताना दुसऱ्यात घाला, कुरकुर झाली तर सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) झिजलेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरा, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा गेलाय. उतारावर गाडी गिअरमध्ये सोडा, मग ॲक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा. त्या क्षणी निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड झिजलेत. रेडिओ बंद ठेवा आणि विकणारा सतत बोलत असेल तर नम्रपणे दोन मिनिटं शांतता मागा.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली बिघाडाची नोंद वाचणारं यंत्र, सोबत असायलाच हवा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून स्टिअरिंगखाली त्याचं १६ पिनांचं खोबण असतं. लोक फक्त बिघाडाचे कोड बघतात आणि 'कोड नाहीत' म्हणून खूश होतात. त्यात आणखी एक पान असतं : 'रेडीनेस', म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात की नाही ते. कुणी नुकतेच कोड पुसले असतील तर या चाचण्या अपूर्ण दिसतात. मी घ्यायला निघालेल्या एका कूपेत एकही दिवा नव्हता, एकही कोड नव्हता, पण रेडीनेसच्या बहुतेक ओळी अपूर्ण होत्या. मालकाला म्हटलं, आणखी काही दिवस चालवा, मी पुढच्या आठवड्यात येतो. पुढच्या आठवड्यात इंजिनचा दिवा पेटलेला होता आणि कोड होता पी०४२०, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. त्या गाडीच्या तक्त्यात तो भाग मी आधीच विचारून ठेवला होता. तो आकडा गाडीच्या किमतीशी ताडून बघितला आणि हात जोडून निघालो. बॅटरी काढून लावली तरी असंच दिसू शकतं, म्हणून आरोप करू नका. फक्त थांबा.

यानंतर, आवडलेल्या गाडीला तुम्ही स्वतः निवडलेल्या गॅरेजात लिफ्टवर चढवून घ्या. कूपे असेल तर त्या मॉडेलवर हात बसलेल्या मेकॅनिककडेच. विकणारा याला तयार नसेल तर बोलणं तिथेच संपवा.

बदल केलेली कूपे

खाली बसवलेले स्प्रिंग, मोठा सायलेन्सर, इंजिनच्या संगणकात नवा मॅप, म्हणजे इंजिन चालवण्याच्या बदललेल्या सूचना. हॅचबॅकमध्ये असं क्वचित दिसतं, कूपेत वारंवार. चांगल्या भागांनी, बिलांसकट, जाणकाराने केलेलं काम मला आवडतं. पण नवख्याला चांगलं काम आणि जुगाड यातला फरक ओळखता येत नाही, म्हणून पहिली कूपे कारखान्यातून आली तशीच शोधा. बदल विम्याला कळवावे लागतात. न कळवलेला बदल दावा करताना अंगाशी येतो.

आता दोन तक्ते समोर घ्या

पंधरा दिवसांची वही आणि खर्चाचा तक्ता शेजारी ठेवा. गाडी एकच असणार असेल, मागे माणसं बसणार असतील, किंवा राखीव रकमेची ओळ रिकामी असेल, तर माझं मत सरळ हॅचबॅकला आहे. हलकी, हाताच्या गिअरची, चांगल्या टायरची हॅचबॅक चालवणं शिकवते. वळणाआधी वेग कसा घालवायचा, गाडीचं वजन पुढे-मागे कसं सरकतं, हे तीत कमी वेगात आणि कमी धोक्यात कळतं. थोडी झणझणीत हवी असेल तर सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, पोलो जीटीआय, फिएस्टा एसटी अशा गाड्या आहेत. मात्र त्यांना वरच्या सगळ्या पायऱ्या कूपेच्या काटेकोरपणे लावा, कारण त्याही तशाच दामटल्या गेलेल्या असतात.

घरात दुसरं वाहन आहे, वहीत तुम्ही बहुतेक एकटेच आहात, विम्याचा रकाना झेपतोय, राखीव रक्कम बाजूला ठेवली आहे आणि समोर पावत्यांच्या जाड फाइलसकट, न छेडलेली कूपे उभी आहे? मग घ्या, आणि मनापासून घ्या. शंका फक्त पहिल्या आणि दुसऱ्या जातीत असेल तर नवख्याने पहिली, म्हणजे हॅचबॅकच्या पायावरची. तुलना नेहमी दोन नेमक्या गाड्यांची करा. नीट सांभाळलेली कूपे ही हाल झालेल्या हॅचबॅकपेक्षा निःसंशय शहाणी खरेदी आहे, आणि उलटही तितकंच खरं.

जी घ्याल तिच्या पहिल्या आठवड्यात एवढं करून टाका : इंजिन ऑइल आणि फिल्टर, ब्रेक फ्लुइड (दोन वर्षांहून जुनं असेल तर नक्कीच), कूलंट, आणि टायरची हवा दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्यानुसार, थंड असताना. टायमिंग बेल्टचा पुरावा नसेल तर तोही बदला आणि बदलल्याची तारीख, किलोमीटर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.